मुरलीधररावांचं नाव

नवऱ्याचं नाव घेतल्याने कुणाचं काम जायची वेळ आल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

शैलजाताई केटरर आप्पासाहेबांकडे लग्नांतल्या पुरणपोळ्या करायला जायच्या. त्या कमाईवर त्यांनी घरीच ‘मुरलीधर पोळी केंद्र’ सुरू केलं होतं. तिथे अजून गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. आप्पासाहेबांचं काम सुटलं असतं, तर केंद्राची शेगडीही पेटली नसती. आप्पासाहेबांना हे ठाऊक होतं.

“माझ्या मांडवात तुझ्या धंद्याचं नाव तोंडातून निघालं, तर उद्यापासून यायचं नाही,” त्यांनी बजावलं होतं.

त्या दिवशी पंगतीत बायका एकमेकींना नाव घ्यायला लावत होत्या. वधूच्या आईने शैलजाताईंनाही चुलीपासून ओढून आणलं. “इतक्या मऊ पोळ्या करणारीने नाव घ्यायलाच हवं!”

समोर आप्पासाहेब डोळे वटारून उभे होते. शैलजाताईंनी पदर सावरला.

“पुरणाच्या पोळीवर साजूक तुपाची धार,
मुरलीधररावांचं नाव घेते, गणपतीच्या देवळासमोर आमचं दार!”

“अगंबाई, देवळासमोरची ती ‘मुरलीधर पोळी केंद्रा’ची पाटी तुमचीच का?” वधूची आई म्हणाली.

आप्पासाहेब पुढे झाले. “तुला बजावलं होतं ना?”

“धंद्याचं नाव घेऊ नको म्हणालात, आप्पासाहेब. मी नवऱ्याचं घेतलं. तेही घ्यायचं नसेल, तर या बायकांना तुम्हीच सांगा.”

सगळी पंगत आप्पासाहेबांकडे बघू लागली. ते तूप वाढायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वधूची आई पोळ्यांसाठी डबा घेऊन केंद्रावर आली, आणि तिच्यामागे आप्पासाहेबांचा माणूस पुढच्या लग्नाचं काम सांगायला उभा होता.