उमाक्कांची गोवरी

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. टाळांचा नाद अजून कानात घुमतो आहे, तेवढ्यात सिदोजी महाराजांची एक कथा ऐका. कथा मसणवटीतली आहे खरी, पण घरी जाताना कुणाला भीती वाटायची नाही, हा शब्द देतो!

महाराज तेव्हा आंबेवाकण गावी, ओढ्याकाठच्या मसणवटीशेजारी झोपडी करून राहत. काय दिवस होते ते! गावात कुणी गेले की घरटी एक लाकूड नाहीतर एक गोवरी निघे. साऱ्या गावाचा हात लागल्यावाचून चिता रचली जात नसे. वाटेत विसाव्याचा दगड होता. तिथे तिरडी टेकवत. बायका आपले सरपण तिथेच देऊन माघारी फिरत.

सारजाबाई ही महाराजांची भाबडी भक्त. तिची जिवाची मैत्रीण उमाक्का, हैबतराव देशमुखांची आई. देशमुखांना बरकत नव्हती तेव्हा दोघी एकाच कुडाला गोवऱ्या थापत, ओव्या म्हणत. पुढे वैभव आले आणि उमाक्कांचे शेणाला हात लावणे लेकाने बंद केले. पण दोघींचे ठरलेले होते. उमाक्का म्हणायच्या, “माझ्या वेळेला तुझी गोवरी हवी गं सारजे. तिच्याबिगर मला झोप यायची नाही.”

ती वेळ आली. तिरडी विसाव्याला टेकली, लोक लाकडे पुढे करू लागले, तर हैबतराव गरजले, “माझ्या आईला गावची काटकं कशाला? गाडीभर चंदन आणलंय मी. उचला तिरडी!”

“धनी, येवढी एक तरी घ्या,” सारजा म्हणाली. “आक्काला जबान दिलीय मी.”

“चंदनाच्या चितेवर शेण? उद्या पाहुणे माझ्याच तोंडात घालतील, म्हातारे!”

चार जण फिदीफिदी हसले. हैबतरावांनी गोवरी हिसकावून ओढ्यात भिरकावली. लोकांची लाकडे तिथेच पडून राहिली.

सारजा दगडापाशीच बसली. डोळे मसणवटीकडे लागले होते, पण धूर काही दिसेना. कापूर जळून गेला, तुपाचे डबे रिते झाले, चंदनाला डागसुद्धा पडेना! ऊन बाभळींच्या शेंड्यांवर गेले. दिवस मावळला असता तर अग्नी देता आला नसता, उमाक्का तशाच पडून राहिल्या असत्या. सारजा स्वतःचा अपमान विसरली. तिने हात जोडले. “महाराज, माझ्या आक्काला मोकळी करा हो!”

डोळे उघडते तो महाराज समोर उभे!

“सारजे, तुझी गोवरी कुठं आहे?”

“ओढ्यात गेली, बाबा. विरघळली असंल आतापातुर.”

महाराज हसले. पाण्यात उतरले, तळाशी हात घातला आणि गोवरी वर काढली. ठणठणीत कोरडी! वर उन्हाची ऊबसुद्धा!

“चल माझ्यासंगं.”

“मी बाईमाणूस, मसणात कशी येऊ?”

“मैत्रिणीकडं जायला विचारावं लागतं व्हय गं?”

दोघे आले तशी गर्दी बाजूला झाली. महाराजांनी गोवरी हैबतरावांपुढे धरली. “हैबती, हा हात ओळखतोस?”

गोवरीवर दोन हात शेजारी शेजारी उमटले होते. एका पंजाची करंगळी वाकडी होती. जात्यात सापडून वाकलेली ती करंगळी! त्याच हाताने हैबतरावांना लहानपणी दूधभात भरवला होता.

“आई... हिनं कधी थापली ही?”

“माघात, धनी,” सारजा म्हणाली. “मागल्या दारानं आली होती. म्हणाली, हात शिवशिवत्यात गं माझे.”

हैबतरावांनी स्वतःच ती गोवरी चितेवर ठेवली आणि अग्नी दिला. काय सांगावे! गोवरीने पेट घेतला, ज्वाळा चंदनावर चढली. लोक विसाव्याकडे धावले आणि घरोघरची लाकडे घेऊन आले. या वेळी हैबतराव एकेक लाकूड स्वतः हातात घेत होते.

मग ते महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज मागे सरले. “जिची वस्तू फेकलीस तिला नमस्कार कर.”

भर मसणवटीत देशमुखांनी सारजाच्या पायांवर डोके ठेवले. “मावशी, चुकलो मी.”

“उठा धनी,” म्हणता म्हणता तिचा हात त्यांच्या डोक्यावर गेला. “ऊठ लेकरा. आक्काला आता झोप लागली बघ.”

मंडळी, आता सरपण एकदमच गाडीतून येते. तरी कधी कुणाला पोचवायला गेलात आणि विसाव्याच्या दगडापाशी पाय अडखळले, तर तिथे बसून धुराची वाट पाहणाऱ्या सारजाबाईची तेवढी आठवण ठेवा.