मामाने दिलेली हमी

शिरीषमामाला घरी घेऊन जा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आता औषध उरलेलं नाही हे घरात सगळ्यांनाच कळलं. मामाची एकच इच्छा होती. लहानपणी जत्रेत उभ्याने खेळायचा, तसं व्हिडिओ गेमचं कपाट घरात हवं. तयार भाग जोडून उभं करता येईल आणि खिशाला परवडेल असं.

मी त्याच्याबरोबर सांगलीत दाभाडेशेठच्या दुकानात गेले. मामाने प्लायवुडचा साधा संच पसंत केला. शेठ मात्र महागड्या लोखंडी कपाटापुढून हलेनात.

"हे न्या, पाव्हणं. आयुष्यभराची हमी आहे."

"एवढं परवडत नाही हो."

"मग असले शौक कशाला करायचे? स्वस्तातलं नेणारे वर्षाच्या आत रडत परत येतात आणि माझं डोकं खातात. त्या संचाची मी कसलीच हमी देणार नाही."

"नका देऊ. हमी मी देतो," मामा म्हणाला. "वर्षाच्या आत मी काही परत येणार नाही."

"असं सगळेच म्हणतात," शेठ हसले.

मामाने कानटोपी काढली. डोक्यावर एकही केस नव्हता.

शेठचं हसू मावळलं. त्यांनी संचाचं खोकं स्वतः उचलून आणलं. "जोडायला उद्या माणूस पाठवतो," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"आजच पाठवा, शेठ," मामा म्हणाला. "उद्याची हमी मी कुणालाच देत नाही."