टिचकी उंदरी आणि होडीचं बूच

एका तळ्यात एक होडी होती. होडीत फळीखाली राहायची टिचकी उंदरी. तिची तीन पिल्लं होती, एवढी एवढीशी, डोळेसुद्धा न उघडलेली.

होडीच्या तळाला होतं एक भोक. आतलं पाणी काढायचं भोक. त्याला होतं लाकडी बूच. सकाळी होडीवाल्या भागीआत्याने होडी धुतली. बूच काढून फळीवर ठेवलं. मग आतोबांना म्हणाली, "अहो, होडीला बूच घाला आणि लोटा पाण्यात."

आतोबा भारी भोळे. त्यांनी बुचाच्या झाडाची पांढरी फुलं आणली. होडीला छान माळ घातली. आणि दिली होडी लोटून.

मग काय होणार? पाणी आलं. बुळुक बुळुक, बुळुक बुळुक.

टिचकीचे पाय ओले झाले. काठ लांब. पिल्लांना पोहता येत नाही. टिचकी फार घाबरली.

टिचकी गेली डब्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"डब्या डब्या, पाणी उपस. पिल्लं माझी भिजतील."

डबा म्हणाला, "मी नाही उपसणार. उपसावं तेवढं येतंय. आधी बूच बसू दे."

टिचकी गेली बुचाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"बुचा बुचा, भोकात बस. डबा पाणी उपसत नाही, पिल्लं माझी भिजतील."

बूच बसलं होतं रुसून. "मी नाही बसणार. मला सोडून फुलं घातली ना? आणि मला ठोकणार कोण? आधी दोरीला होडी काठाकडे ओढू दे."

बुळुक बुळुक. पाणी गुडघ्याला लागलं.

होडीला होती लांब दोरी, दुसरं टोक काठावर. टिचकी गेली दोरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"दोरी दोरी, होडी ओढ. बूच भोकात बसत नाही, डबा पाणी उपसत नाही, पिल्लं माझी भिजतील."

दोरी म्हणाली, "मी नाही ओढणार. आपली आपण कधी ओढलीय का मी? आधी भागीआत्याला धरू दे मला."

भागीआत्या होती काठावर, पाठमोरी. फिरायला आलेल्या पोरांना जाकिटं घालत होती, बुडू न देणारी. टिचकी ओरडली,

"आत्या आत्या, दोरी धर. दोरी होडी ओढत नाही, बूच भोकात बसत नाही, डबा पाणी उपसत नाही, पिल्लं माझी भिजतील."

आवाज तो केवढा? चूं चूं. आत्याला काही ऐकू गेलं नाही.

बुळुक बुळुक. पाणी पोटाला लागलं.

होडीत खिळ्याला एक जाकीट होतं. जाकिटाला होती शिट्टी. टिचकी वर चढली. सुरसुर सुरसुर.

"शिट्टी शिट्टी, जोरात वाज. आत्या दोरी धरत नाही, दोरी होडी ओढत नाही, बूच भोकात बसत नाही, डबा पाणी उपसत नाही, पिल्लं माझी भिजतील."

शिट्टी म्हणाली, "मी नाही वाजणार. आधी माझ्यात वारा शिरू दे."

"वाऱ्या वाऱ्या, शिट्टीत शिर. शिट्टी जोरात वाजत नाही, आत्या दोरी धरत नाही, दोरी होडी ओढत नाही, बूच भोकात बसत नाही, डबा पाणी उपसत नाही, पिल्लं माझी भिजतील."

वारा म्हणाला, "मी झाडात शिरतो, शिडात शिरतो. शिट्टीला लागतो तोंडातला वारा. तुला तोंड आहे ना, टिचके?"

तोंड होतं. एवढंसं होतं, पण होतं.

टिचकीने फुंकर मारली. फुस्स.

पुन्हा मारली. फुर्र.

खाली पाणी पिल्लांच्या गादीला टेकलं. टिचकीने डोळे मिटले, पोट फुगवलं, आणि

पीईईईईप.

आत्या वळली. "अगं बाई, होडी बुडतेय. अहो, बूच कुठंय?"

"घातलं की," आतोबा म्हणाले. "केवढी छान माळ आहे."

आत्याने कपाळावर हात मारला. मग दोरी धरली. दोरीने होडी ओढली, सर्र सर्र. आतोबांनी बूच ठोकलं, ठक ठक. बूच भोकात बसलं. डब्याने पाणी उपसलं, झपाक झपाक.

आणि पिल्लं?

टिचकी फळीखाली शिरली. एक पिल्लू कोरडं. दुसरं कोरडं. तिसऱ्याची शेपटी तेवढी ओली.

टिचकीने ती शेपटी पोटाशी धरली. वाळेपर्यंत सोडली नाही.