तुरुंगातली पाठमोरी प्रार्थना

“...पण पाठ का फिरवायची, एवढं सांगा ना.”

सुमंत उघडेने पुन्हा विचारलं.

रेव्हरंड एनोख त्रिभुवन इस्त्रीच्या टेबलावर पांढरी चादर अंथरत होते. कारागृहात वेदी म्हणून तेवढंच मिळायचं.

“तिकडचं टोक धर,” ते म्हणाले.

त्रिभुवन लूथरन पंथाचे ख्रिस्ती पाळक. सगळा जन्म सरकारी ठिकाणी धर्मसेवा करण्यात गेला. आधी लष्करात, मग सरकारी इस्पितळात, शेवटी या कारागृहात. गळा बेसूर, उपदेश लांबट. कैदी तोंडावर जांभया देत.

तरी दर रविवारी येत.

आज निवृत्तीआधीचा त्रिभुवनांचा शेवटचा रविवार. सुमंतने जागा घेतली तर इथली भक्ती चालू राहणार, नाहीतर बंद. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणालाच यायचं नव्हतं. ते नाताळला फाटक्या सतरंज्या पाठवत आणि वार्षिक अहवालात ‘तुरुंगसेवा’ असं ठळक छापून घेत.

सुमंत आला होता खरा. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत पहिला आलेला. चालण्यातूनही ते कळायचं.

“इथला नियम आहे,” तो म्हणाला. “कैद्यांकडे पाठ करायची नाही. जमादारांनी गेटवरच बजावलं.”

“मलाही बजावलं होतं.”

“मग?”

“आपली रीत त्याहून जुनी. देवाशी बोलायचं तर तोंड वेदीकडे. देवाचं लोकांना सांगायचं तर तोंड लोकांकडे. शिकवलं नाही तुला?”

“शिकवलं की. पण तिथे मागे प्राध्यापक बसायचे. इथे...”

“इथे?”

सुमंतने दाराकडे पाहिलं.

कैदी आले, सतरंजीवर बसले. पुढे बबन तुपे. हा ख्रिस्ती नव्हता, गाणी म्हणायला मिळतात म्हणून यायचा. त्याच्या शेजारी मारुती ढेपे, सख्ख्या भावाला ठार मारून आलेला. दारात काठी टेकवून जमादार घोरपडे.

“आज हा चालवेल,” त्रिभुवन म्हणाले. आणि जाऊन ढेपेशेजारी मांडी घालून बसले.

सुमंत वेदीला पाठ लावून उभा राहिला. तोंड कैद्यांकडे. पापांची कबुली सुरू केली.

“आम्ही विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केलं आहे...”

तुपेने हात वर केला.

“पाद्रीबाबा, नवे साहेब स्वतःचा गुन्हा कबूल करतायत, का आमचा वाचून दाखवतायत? आमच्या केसमधला सरकारी वकील असाच उभा राहायचा!”

“तो निदान मधे पाणी तरी प्यायचा,” ढेपे म्हणाला.

हशा पिकला. जमादारही हसला, मग हसलाच नाही असं दाखवायला खोकला.

सुमंतचे कान तापले. त्याने त्रिभुवनांकडे पाहिलं. म्हातारा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होता. मदत शून्य.

सुमंत वळला.

आता समोर चादर. मागे सगळे. मानेवरून घाम ओघळला.

“आम्ही... विचाराने...”

सतरंजी सळसळली. कुणीतरी उठलं. पावलं जवळ येत होती.

“ए ढेपे! बस खाली!” जमादार ओरडला.

मानेला बोटं लागली. सुमंतने डोळे गच्च मिटले.

“गळपट्टीची नाडी सुटलीय, साहेब,” ढेपे म्हणाला. “हलू नका.”

गाठ बसली. पावलं मागे गेली.

“...आम्ही पाप केलं आहे,” सुमंत म्हणाला. मागे सगळ्यांनी तेच म्हटलं. त्रिभुवनांचा बेसूर आवाज त्यात वेगळा कळत होता.

प्रार्थना संपली. सुमंत तसाच पाठमोरा.

“वळ आता,” सतरंजीवरून त्रिभुवन म्हणाले. “क्षमा झाली म्हणून सांग त्यांना.”

सुमंतने नुसती मान वळवली. “सगळ्यांना?”

“मग काय चिठ्ठ्या टाकतोस?”

“...ढेपेलाही?”

विचारलं हळूच, पण खोली लहान होती. ढेपेने मान खाली घातली.

त्रिभुवन ढेपेच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिले. आपणही त्या क्षमेची वाट बघतोय, असे.

सुमंत पुरता वळला. ढेपेकडे बघत राहिला.

“तुमच्या पापांची... क्षमा झाली आहे,” तो पुटपुटला.

“ऐकू येत नाही हो!” तुपे म्हणाला.

सुमंतने त्रिभुवनांकडे पाहिलं.

“पाळकसाहेब, किती मोठ्याने सांगू?”

त्रिभुवनांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

“जमादारांपर्यंत जाऊ दे. त्यांनाही हवी ती.”