रापणीचा वाटा

कोकणात, किनाऱ्यालगतच्या एका गावात भागीरथी नावाची एक म्हातारी राहत होती. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे, पण तो कधी उगाच येत नसे.

त्या गावात रापण लागे. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि त्याचे दोन्ही दोर वाळूवरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. जाळं धाकू तांडेलाचं. पण दोराला हात लावील त्याला मासळीत वाटा, मग तो पैलवान असो की पोर, ही वाडवडिलांची रीत. भागीरथीची चूल त्या वाट्यावरच पेटे.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, पहिली रापण निघाली. वाटे घालताना धाकू भागीरथीला म्हणाला की तू दोर ओढत नाहीस, नुसती त्याला लोंबकळतेस. त्याने दोन बांगडे तिच्या पुढ्यात फेकले. तिने ते उचलून त्याच्याच अंगावर भिरकावले.

"भीक नको माका. माझो वाटो दी."

धाकू हसला. आणि बाकीचे? त्यांच्या टोपल्या भरल्या होत्या. माना खाली घालून त्यांनी घरची वाट धरली. शरम कशी ती वाटली नाही! भागीरथीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकूपेक्षा तिला त्यांचाच राग अधिक आला.

धाकू सोकावला. पुढच्या खेपेला त्याने बायकांचे वाटे अर्धे केले, मग पोरांचे बंदच केले. तेव्हा कुठे मंडळींचे डोळे उघडले आणि सगळी भागीरथीच्या दारी आली. तिने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

"माझो वाटो गेलो, तेवा तुमची जीभ खंय गेल्ली?"

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला बांगडा लागला. जाळं पडलं, धाकूने हाक दिली. भागीरथी पुढे झाली आणि दोरावर फतकल मारून बसली. एकेक करत सगळा गाव तिच्या शेजारी बसला. धाकूने शिव्या घातल्या, धमक्या दिल्या, एकट्याने दोर ओढून पाहिला. जाळ्याच्या दोन्ही टोकांनी मासळी निसटू लागली, तेव्हा तो नरमला. सगळ्यांचे वाटे पूर्वीसारखे देईन, असं त्याने चारचौघांत कबूल केलं.

मग दोराला हात लागले. पण निम्मी मासळी गेली होती. वाटे सर्वांना मिळाले, टोपल्या मात्र कुणाच्याच भरल्या नाहीत. गप्प बसल्याची किंमत ती. भागीरथीने पहिला वाटा उचलला आणि आभार न मानता ती चालू लागली. हक्काचं घेताना आभार कसले मानायचे?

तात्पर्य: आपली टोपली भरली म्हणून शेजाऱ्याचा वाटा बुडताना गप्प बसू नये, सोकावलेला अन्याय आपल्याही दारी येतो.