पोशाबायचे शंभर वाल

फार वर्षांपूर्वीची, आपल्या खाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. गावात दोन जातींचा वाल पिकायचा. एक टपोरा, अंगठ्याच्या नखाएवढा. दुसरा बारका, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. भात कापलं की ओल्या जमिनीत दोन्ही पेरायचे आणि थंडीच्या दवावर ते पिकायचे. टपोरा जास्त पिकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, मोजलं मात्र कुणीच नव्हतं.

गावात पोशाबाय नावाची एकटी बाई राहायची. प्रश्न विचारायची तिला भारी खोड. पाणी पिताना कोंबडी वर का बघते, हेसुद्धा ती धाऊ पाटलांना विचारून आली होती, असं म्हणतात.

एका वर्षी तिनं आपल्या शेतात शेजारी शेजारी दोन पट्टे आखले आणि शंभर दाणे टपोऱ्याचे, शंभर बारक्याचे पेरले. रोज ती वेलांना कान लावून बसायची. शेंगेत दाणा भरताना तिला ऐकू यायचा, असं म्हणतात.

मळणी झाली. टपोरा चार पायल्या भरला, बारका तीनच. तिचा जीव बारक्यावर होता, तरी तिनं खरं तेच सांगितलं. आणि तिथंच घोळ झाला. पाटलांनी ठरवलं, आता बारका ठेवायचाच कशाला? घरोघरी बारक्याचं बी भिजत घालून त्याचं बिरडं झालं. पोशाबाय फार घाबरली. आपल्या मोजण्यानं एक जातच संपणार, हे तिला सोसेना. वर्षभर पुरणारा आपला टपोरा वाल वाटून, उरलेलं दोन सुपं बारकं बी तिनं बदल्यात घेतलं. ते वर्ष तिनं शेवग्याच्या पाल्यावर काढलं.

पुढच्या हिवाळ्यात दव पडलंच नाही. टपोऱ्याचा फुलोरा झडला, गावभर एक शेंग धरली नाही. पोशाबायचा बारका मात्र जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवरही तगला आणि असा पसरला की एकेक वेल शिवेपर्यंत गेला. पायल्या मोजून हात दुखले, पण रास सरेना, असं म्हणतात.

धाऊ पाटील रिकामी टोपली घेऊन तिच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "बाय, चुकलो. आता गावानं बारकाच पेरायचा."

"नको पाटील," ती म्हणाली. "दोन हिवाळ्यांत दोन उत्तरं मिळाली. तिसऱ्याचं मला तरी कुठं ठाऊक आहे? दोन्ही पेरा, आणि मोजत राहा."

टपोऱ्याचं बी कुठंच उरलं नव्हतं. तेव्हा पोशाबायनं कोनाड्यातलं गाडगं काढलं. उपाशी असतानाही न शिजवलेले शंभर टपोरे दाणे त्यात होते.

आजही गावात पोशाबायच्या नावाचे दोन पट्टे पेरतात, शंभर आणि शंभर. मोजणी झाल्याशिवाय कुणी वाल शिजवत नाही. कधी हा जिंकतो, कधी तो. आणि जो हरतो, त्याचं बी आधी गाडग्यात भरून ठेवतात.