सातवी पास तज्ज्ञ

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला उद्योजकतेचा नवा अभ्यासक्रम तपासायला उद्योगातला एक तज्ज्ञ हवा होता. तरुण प्राध्यापिका ऋजुताने दीडशे बायकांना काम देणाऱ्या मसालेवाल्या सुभद्राबाई ढोबळेंचं नाव सुचवलं. या वेळी तरी अभ्यासक्रम खरा धंदा केलेल्या माणसाच्या नजरेखालून घालायचाच, असं तिने ठरवलं होतं.

अध्यक्ष डॉ. वाघोलीकर हसले. "अहो मॅडम, बाई सातवी पास. त्यांना यातलं काय कळणार?"

"सर, तुमच्याच पुस्तकाचं चौथं प्रकरण त्यांच्यावर आहे," ऋजुता शांतपणे म्हणाली. "परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न असतो. त्यांच्याबद्दल लिहिणारा पास आणि त्या स्वतः नापास, असं इतिवृत्तात लिहू का?"

डॉक्टरांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"सुभद्राबाईंना पत्र पाठवा," ते म्हणाले. "फक्त ते प्रकरण त्यांना दाखवू नका."